पेन ड्राइव्हसोबत माणूस हवा

परुळेकर काकांच्या घरात पेन ड्राइव्हला एकट्याने प्रवेश नाही. सोबत माणूस लागतो. "तपासायला ठेवून जाते, संध्याकाळी नेते" असलं काही तिथे चालत नाही. "पेशंटला भरती करून नातेवाईक बाजारात फिरतात काय गो?" असं काका विचारतात, आणि तपासणी संपेपर्यंत ड्राइव्हच्या मालकाने त्यांच्या हॉलमधल्या हिरव्या रेक्झिनच्या सोफ्यावर बसून राहायचं असतं. तपासणी म्हणजे काही नाडी बघितली आणि गोळी दिली असं नव्हे. काकांचा कॉम्प्युटर म्हातारा आहे, ड्राइव्ह मोठा असेल तर सकाळच्या चहाला बसलेला माणूस दुपारच्या चहालाच उठतो. मधलं जेवणही तिथेच. कुळथाची पिठी आणि भात, सोबत पापड. नाही म्हणायची सोय नाही.

परुळेकर हे त्यांचं खरं आडनाव नाही, आणि घाटकोपरमधली आमची कॉलनी नेमकी कुठली तेही मी सांगणार नाही. एरवी मी माहिती लपवणाऱ्यांच्या विरोधात पत्रकं वाटत फिरते. इथे का लपवतेय ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. नोकरीभर टेस्ट डेस्कवर बसले. म्हणजे कुणाचा फोन बंद पडला की तक्रार काकांच्या कानावर यायची, काका लाइन तपासायचे आणि बिघाड कुठे आहे ते लाइनमनला सांगायचे. दिवसभर कानाला हेडफोन, दिवसभर कुणी ना कुणी पलीकडून बोलतंय. मग मोबाइल आले, घरचे फोन गेले, टेस्ट डेस्क गेलं, काका घरी आले. लग्न राहून गेलं होतं. आई होती तोवर आईचं करण्यात वेळ गेला. आई गेल्यावर काकांनी पुतण्याचा जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि तपासण्यासारखं जगात आणखी काय उरलंय याचा शोध सुरू केला. त्यांना पेन ड्राइव्ह सापडला.

आता हे तपासणं काय प्रकरण आहे ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण ही उघड उघड लूट आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. फुटपाथवर, स्टेशनबाहेर, अगदी चकचकीत ऑनलाइन दुकानातसुद्धा पेन ड्राइव्ह मिळतो. वर छापलेलं असतं चौसष्ट जीबी. कॉम्प्युटरला लावा, कॉम्प्युटरही म्हणतो चौसष्ट. आत असतात आठ. वरचा आकडा चिपला खोटं बोलायला शिकवून मिळवलेला असतो. तुम्ही आठ भरेपर्यंत सगळं झकास. त्यानंतर टाकलेल्या फायलींची नावं दिसतात, साइज दिसते, आत मात्र काही नसतं. मुंबईच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर सुपर बिल्टअप चौसष्ट, कार्पेट आठ. बिल्डरला निदान माहितीपत्रकात बारीक अक्षरांत काहीतरी लिहावं लागतं. या चोरांना तेवढंही लागत नाही.

काकांचं यावर एकच सूत्र आहे. "लिहिलं म्हणजे राहिलं असं नाही. परत वाचून दाखव." म्हणून ते ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि भरलेलं सगळं पहिल्यापासून परत वाचतात. हे करणारी सॉफ्टवेअर कुणा कुणा परदेशातल्या माणसांनी लिहून फुकट सोडून दिलेली आहेत, आणि काकांनी ती सगळी गोळा केलीत. त्यांची ओळख ते पाहुण्यांना घरच्या माणसांसारखी करून देतात. हा ड्राइव्हची पत्रिका मांडतो, चिप कुठली, कूळ कुठलं. हा नुसता वेग बघतो, याचं फार मनावर घेऊ नये. आणि हा खरा डॉक्टर, हा पोटभर जेवायला घालतो आणि पचतंय का ते बघतो. विकतचं सॉफ्टवेअर काकांना चालत नाही. "जो पैसे घेतो त्याला खोटं बोलायला कारण असतं," म्हणतात. हे वाक्य मी आमच्या एका पत्रकावर छापलंय, काकांना न विचारता.

डॉक्टर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला काका दर दिवाळीला ईमेल करतात. एका वर्षी त्याचं उत्तर आलं, त्यात त्याने दिवाळी म्हणजे काय असं विचारलं होतं. काकांनी त्याला अभ्यंगस्नानापासून सुरुवात करून जे काही लिहून पाठवलं, त्यानंतर त्याचं उत्तर आलेलं नाही. काका म्हणतात, वाचत असेल.

सगळं सरळ चालतं असंही नाही. एकदा गणपतीत मंडळाची पोरं आरत्यांचा ड्राइव्ह काकांच्या टेबलावर विसरली आणि काकांनी तो सवयीने उचलून तपासला. त्या दिवशी वापरलेलं सॉफ्टवेअर आधी सगळं पुसतं आणि मग भरतं. संध्याकाळी मूर्ती आली, ढोल थांबले, बटण दाबलं, स्पीकरमधून काहीही आलं नाही. अध्यक्ष काकांवर धावून गेले. काका शांतपणे म्हणाले, "ड्राइव्ह मात्र शंभर टक्के खरा आहे. अभिनंदन." शेवटी आरत्या तोंडाने म्हणाव्या लागल्या आणि निम्म्या मंडळाला दुसऱ्या कडव्यापुढे येत नाहीत हे बाप्पासमोर उघड झालं.

तरीही लोक जायचे. समोरच्या हंसाबेन गाडीत लावायच्या भजनांचा ड्राइव्ह घेऊन जायच्या आणि सोबत मटारची पिशवी. तपासणी संपेपर्यंत मटार सोलून व्हायचे. एक शिकवणीच्या बाई पेपर तपासायला बसायच्या. मी जाता-येता बघायची, काकांच्या दारात कायम परक्या चपला. मला या सगळ्याचा राग यायचा. माणसांचा वेळ फुकट जातोय आणि कुणी प्रश्न विचारत नाही, हेच तर या देशाचं दुखणं आहे, असं मी हंसाबेनना एकदा ऐकवलंही. त्या म्हणाल्या, "तू पण ये ने. चहा सारी बनवे छे." म्हणजे काका चहा छान करतात.

मग माझ्यावर वेळ आली.

आमच्या कॉलनीच्या मागे एका बिल्डरने काँक्रीट कालवायचा प्लांट टाकलाय. सिमेंटची धूळ थेट घरात. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी बोटाने नाव लिहिण्याइतकी राखाडी. माझ्या आईला दम्याचा पंप लागला, खालच्या मजल्यावरच्या बाळाला वाफ. आम्ही सह्या घेतल्या, पत्रकं काढली, आणि महिनोन् महिने मोबाइलवर व्हिडिओ काढले. उघडे ट्रक, ताडपत्री नाही, पाणी मारत नाहीत, सगळं पुराव्यासकट. सुनावणी लागली. सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांच्या कार्यालयाचा नियम असा की लिंक चालत नाही, मोबाइलवर दाखवलेलं चालत नाही. पेन ड्राइव्ह द्या, पाकिटात घालून, प्रत्येक पक्षाला वेगळा. मोहिमेतला माझा जोडीदार सिद्धार्थ स्टेशनबाहेरून स्वस्तात चार ड्राइव्ह घेऊन आला.

सुनावणीत पहिले काही व्हिडिओ चालले. मग साहेबांनी ट्रकचा व्हिडिओ उघडायला घेतला. नाव दिसतंय, साइज दिसतेय, उघडत नाही. पुढचा, नाही. त्याच्या पुढचा, नाही. बिल्डरचा वकील गालात हसला आणि म्हणाला, "मॅडमनी रिकाम्या फायलींना छान नावं दिलीत." साहेबांनी सगळे ड्राइव्ह परत करून पुढची तारीख दिली, आणि तेव्हा पुरावा आला नाही तर अर्ज निकाली काढू, असं स्पष्ट सांगितलं. निकाली म्हणजे प्लांट राहणार आणि आईचा पंपही.

जिना चढता चढता मी व्यवस्थेला शिव्या घालत होते. काका दारात उभे. सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. सिद्धार्थचे चारही ड्राइव्ह त्यांनी पत्रिकेवरच नापास केले. "कार्पेट आठ," म्हणाले. "नवीन आण. बिल घेऊन. आणि माझ्याकडे घेऊन ये, मग भर."

नवीन चार आणेपर्यंत, नेहमीप्रमाणे कागदपत्रांच्या मागे धावण्यात, सुनावणीआधीचा शनिवार उजाडला. सोमवारी सकाळी साहेबांसमोर उभं राहायचं. शनिवारी सकाळी मी काकांच्या सोफ्यावर बसले, पहिला ड्राइव्ह लागला, हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली. काका खुशीत होते. मला त्यांनी घाटकोपरच्या जुन्या केबलींचा पूर्ण इतिहास सांगितला, कुठल्या चौकात पाणी शिरायचं, कुठला लाइनमन खांबावर चढून गझल म्हणायचा. मला ते 'चळवळ' म्हणतात. "चळवळ, वायच लोणचं घे." मी हिशोब करत होते. एका ड्राइव्हला दिवस मोडणार. चार ड्राइव्ह. त्यानंतर व्हिडिओ भरायचे. सोमवार आधी येणार हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मी म्हटलं, काका, निदान उरलेले ठेवून जाते. तर पुन्हा तेच, पेशंट आणि नातेवाईक.

दुपारी सिद्धार्थचा फोन आला. तो घरी बसून याच विषयावर वाचत होता. म्हणाला, "अगं, हे पूर्ण भरायची गरजच नाहीये. तसलंच दुसरं एक फुकट टूल आहे. ते ड्राइव्हवर ठिकठिकाणी थोडं थोडं लिहितं आणि वाचून बघतं. माप खोटं असेल तर काही मिनिटांत पकडतं. काकांना माहीत नसेल, तू डाउनलोड करून दे."

काका आत पापड भाजत होते. मी उठले आणि त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसले. सिद्धार्थने नाव सांगितलं होतं, ते शोधायला टाइप केलं. इंटरनेटवर जायच्या आधीच कॉम्प्युटरने ते घरात दाखवलं. होतं. नीट बसवलेलं, वेगळ्या फोल्डरमध्ये. फोल्डरची तारीख बघितली. हंसाबेनचे मटार सुरू व्हायच्या कितीतरी आधीची.

माझ्या डोक्यात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. तीन-चार पत्रकांचा मजकूर एकदम तयार झाला. माहिती दडपली, जनतेचा वेळ लुबाडला, जाहीर निषेध. काका ताट घेऊन बाहेर आले आणि मी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे काका?"

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. चष्मा नाकावर सारखा केला. "तो घाईतला," म्हणाले. "त्याने झिजलेली जागा कळत नाही."

"माप खोटं असलेलं कळतं का?"

"कळतं."

"किती वेळात?"

पापडाचा तुटका कोपरा उचलून काकांनी परत ताटात ठेवला.

"माझी आई धाप लागून रात्रभर बसून असते, सोमवारी सुनावणी आहे, आणि तुम्ही मला केबली सांगताय. हे आधी का नाही वापरलं?"

मी बोलते तेव्हा माझा आवाज सभेतल्यासारखा लागतो, हे मला माहीत आहे. बाहेर जिन्यावर कुणीतरी थांबल्याचं ऐकू आलं आणि मग पावलं पुढे गेली.

"वापरत होतो," काका म्हणाले. "सुरुवातीला तोच वापरत होतो. चालतो चांगला." ते सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले, जिथे एरवी पाहुणा बसतो. "पण मग माणूस आत येत नाय गो. दारातच उभा राहतो. चप्पल पण काढत नाय. हातात देतो, मिनिटात घेतो, थँक यू काका, गेला."

मी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मोकळी केली आणि सोफ्याच्या माझ्या टोकाला जाऊन बसले.

ते लगेच उठले. चालू असलेली तपासणी त्यांनी थांबवली, आजवर कुणाची थांबवली नसेल, आणि घाईतला सुरू केला. एकेक ड्राइव्ह लावत, काढत, मागच्या बाजूला पेनने टिक करत गेले. हात असा चालत होता की वाटावं, टेस्ट डेस्कवर पावसाळ्यातल्या तक्रारी उपसतायत. पापड अजून कडक होता, आणि चारही ड्राइव्ह पास होऊन माझ्या हातात. "जा," म्हणाले. "भरून झाल्यावर प्रत्येक व्हिडिओ उघडून बघ. शेवटपर्यंत." मी उठले तेव्हा त्यांनी नेहमीसारखं 'वायच बस' म्हटलं नाही. मीही ताट तसंच ठेवून गेले. काम होतं.

सिद्धार्थला मी त्याच संध्याकाळी सांगितलं की त्या घाईतल्याबद्दल कॉलनीत एक अक्षर बोलायचं नाही. तो हसला. म्हणाला, माहिती अधिकाराचं काय मग, मॅडम? मी म्हटलं, काही माहिती लोकांनी मागितलेली नसते.

सोमवारी साहेबांनी ड्राइव्ह लावला. पहिला व्हिडिओ चालला, दहावा चालला, ट्रकचा चालला. उघड्या ट्रकमधून सिमेंट उडतंय आणि मागे खालच्या मजल्यावरच्या बाळाचं वाळत घातलेलं झबलं राखाडी होत चाललंय, हे साहेबांनी दोनदा बघितलं. वकील स्वतःच्या ड्राइव्हकडे बघत राहिला. प्लांटची पाहणी होईपर्यंत काम बंद, असा आदेश निघाला. मला माहीत आहे, हा शेवट नाही. पाहणीत काय काय होऊ शकतं यावर माझी तीन पत्रकं लिहून तयार आहेत. पण त्या दुपारी प्लांट बंद होता आणि आईने खिडकी उघडी ठेवली.

संध्याकाळी मी काकांकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि सवयीने माझ्या हातांकडे बघितलं.

"ड्राइव्ह?"

"नाही आणला. निकाल सांगायला आलेय."

मी सांगितला. त्यांनी मान हलवली, दोनदा विचारलं की शेवटचा व्हिडिओ पूर्ण चालला का, पूर्ण चालला म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाले. सांगून संपलं. मी दारात, चप्पल पायात. काका आत, एक हात कडीवर. त्यांना मला आत बोलवायचं होतं आणि कशासाठी बोलवायचं ते सुचत नव्हतं. बिनकामाच्या पाहुण्याचं काय करतात हे त्यांना बहुतेक कुणी शिकवलंच नव्हतं. मला तरी कुणी कुठे शिकवलंय? मी चप्पल काढली आणि पायाने भिंतीकडे सारली.

काकांनी चपलेकडे बघितलं. मग म्हणाले, "थांब." आत जाऊन टेबलाचा खण उघडला आणि एक पेन ड्राइव्ह काढला. त्यांचा स्वतःचा, मागे टिक असलेला.

"ह्याचो माका भरवसो नाय," म्हणाले. "बघूक व्हया."

त्यांनी तो लावला. घाईतल्या फोल्डरकडे नजरही टाकली नाही, थेट डॉक्टर उघडला आणि चहा टाकायला आत गेले. मी सोफ्यावर बसले. स्क्रीनवर बाकी वेळ दिसायला लागला. बराच होता.